तुर्कस्तानची कागदपत्रं खरी, तरी पडताळणी अडते: नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

‘आपल्या कागदपत्राची सत्यता तपासता आली नाही.’ परदेशी विद्यापीठाकडून एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं की इझमीर, अंकारा किंवा कोन्यातल्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. त्याला वाटतं, आपल्यावर खोटेपणाचा आळ आला. मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात काम करते. तुर्कस्तानातून येणारे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि ही ओळ मला नाइलाजाने अनेकदा लिहावी लागते. त्यातले बहुतेक कागद अस्सल असतात, फक्त मला तपासता येतील अशा रूपात ते माझ्यापर्यंत पोचलेले नसतात.

मराठीत लिहायचं कारण म्हणजे मला विचारणारी आपलीच माणसं बरीच आहेत. कोणी भारतात बसून परदेशी विद्यापीठांसाठी अशा फाइली तपासतं, कोणी तुर्कस्तानात शिष्यवृत्तीवर शिकून पुढे युरोपात अर्ज करतंय, तर कोणाची सूनच तिकडची आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं मांडते.

बारकोड आहे, पण तपासला जात नाही

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, म्हणून यावर जरा थांबते.

तुर्कस्तानात उच्च शिक्षणाचा कारभार ‘योक’ या परिषदेकडे आहे. ती १९८१ साली स्थापन झाली. प्रत्येक विद्यार्थ्याची आणि पदवीधराची नोंद तिच्या ‘योकसिस’ या माहिती प्रणालीत असते. सरकारी सेवांचं एकच दार म्हणजे ‘ई-देवलेत’. हे संकेतस्थळ २००८ च्या डिसेंबरात सुरू झालं. विद्यार्थी तिथे आपल्या ओळख क्रमांकाने आत जातो आणि पदवीधर असल्याचा दाखला पीडीएफमध्ये उतरवून घेतो. त्या दाखल्यावर एक बारकोड क्रमांक आणि एक चौकोनी कोड असतो. मी ई-देवलेतच्या ‘बेल्गे दोरुलामा’, म्हणजे कागद पडताळणीच्या पानावर जाते, बारकोड क्रमांक टाकते, मग विद्यार्थ्याचा अकरा आकडी ओळख क्रमांक टाकते, आणि सरकारकडे असलेली मूळ प्रत माझ्या पडद्यावर उघडते. हातातला कागद आणि पडद्यावरचा कागद शेजारी ठेवून बघायचे, झालं काम. नोतेरच्या, म्हणजे तिथल्या नोटरीच्या शिक्क्यापेक्षा मला या दाखल्यावर अधिक भरवसा वाटतो, कारण इथे मी कुणाच्या शिक्क्यावर विसंबत नाही, थेट नोंद बघते.

मग अडतं कुठे?

पहिलं कारण काळी पट्टी. तुर्कस्तानात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१६ साली आला आणि ओळख क्रमांक कुणालाही देऊ नये, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. ते बरोबरच आहे. पण मुलं दाखला पाठवताना त्याच क्रमांकावर काळी पट्टी ओढतात, आणि त्या क्रमांकाशिवाय पडताळणीचं पान पुढे सरकतच नाही. एका जुलैत, १५ तारखेच्या मुदतीला दोन दिवस असताना, इझमीरच्या एका मुलीची फाइल माझ्यासमोर होती. गुण उत्तम, शिफारसपत्रं उत्तम, आणि दाखल्यावर अकरा आकड्यांच्या जागी काळा ठोकळा. मी तीन मेल पाठवले, उत्तर नाही. शेवटी अर्जातल्या नंबरवर फोन केला. आमचे मेल तिच्या जंक फोल्डरमध्ये पडून होते. पट्टी नसलेली पीडीएफ तिने दहा मिनिटांत पाठवली आणि पडताळणीला दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणून सांगते, अर्जाच्या अधिकृत पोर्टलवर क्रमांक उघडा ठेवा. व्हॉट्सॲपवर, एजंटला किंवा ओळखीपाळखीत मात्र तोच कागद मुळीच फिरवू नका.

दुसरं कारण, छापून पुन्हा स्कॅन करणं. आलेली पीडीएफ जशीच्या तशी चढवायची सोडून मुलं ती छापतात, त्यावर सही करतात, मोबाइलने फोटो काढतात आणि तो पाठवतात. फोटोत तळाची ओळ कापली जाते, आणि नेमकी तीच ओळ कामाची असते. तिच्यात लिहिलेलं असतं की या कागदाची सत्यता बारकोड क्रमांकाने ई-देवलेतच्या पडताळणी पानावर तपासता येईल, किंवा ई-देवलेतच्या ‘बारकोडलू बेल्गे दोरुलामा’ या मोबाइल ॲपने शेजारचा चौकोनी कोड वाचून बघता येईल. ही ओळ तुर्कीत असते. परदेशातल्या कारकुनाला ती वाचता येत नाही, तो साध्या कॅमेऱ्याने कोड वाचून बघतो, काहीच उघडत नाही आणि तो ‘तपासता आलं नाही’ असा शेरा मारतो. चूक त्याची नाही आणि तुमचीही नाही. पण त्रास तुम्हाला होतो, म्हणून उपायही तुम्हीच करा. दाखल्यासोबत एक साधं पान जोडा. त्यावर इंग्रजीत पडताळणीच्या पानाचा पत्ता, बारकोड क्रमांक टाइप करून, ओळख क्रमांक आणि ‘आधी हे टाका, मग ते टाका’ अशा दोन ओळी लिहा. बारकोडमध्ये अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ मी स्वतः घातलेला आहे, आणि त्यापायी एका मुलाचं उत्तर आठवडाभर लांबलं. टाइप केलेला क्रमांक असता तर मला तो नुसता उचलून टाकता आला असता.

तिसरं कारण जरा आडवळणी आहे. सगळे कोड एकाच जागी तपासले जात नाहीत. बरीच विद्यापीठं गुणपत्रक स्वतःच्या कागदपत्र प्रणालीतून ई-सहीने देतात. त्यावर तळाला असतं, ‘५०७० क्रमांकाच्या इलेक्ट्रॉनिक सही कायद्यानुसार सुरक्षित ई-सही केलेली आहे’, आणि त्याचा कोड त्या विद्यापीठाच्या पडताळणी पानावरच चालतो. तो कोड ई-देवलेतच्या सर्वसाधारण पानावर टाकला की ‘कागद सापडला नाही’ असंच येणार. गुणपत्रकाच्या तळाचा पत्ता नीट वाचा आणि जोडपत्रावर प्रत्येक कागदासमोर त्याचाच पत्ता लिहा. आणखी एक गोष्ट: सगळे कागद जोडून एक मोठी पीडीएफ केली की ई-सही तुटते. प्रत्येक फाइल वेगळी ठेवा.

‘पदवीची नोंद सापडली नाही’

ई-देवलेतवरच ही ओळ दिसली तर बारकोडचा प्रश्नच उरत नाही, कारण दाखला निघतच नाही. याची दोन मुख्य कारणं आहेत.

जुन्या पदवीधरांच्या नोंदी सगळ्याच्या सगळ्या प्रणालीत चढलेल्या नाहीत. विद्यापीठाच्या ‘ओरेन्जी इश्लेरी’, म्हणजे विद्यार्थी विभागाकडे पदवीची आणि ओळखपत्राची प्रत जोडून अर्ज द्यावा लागतो. ते नोंद घालतात, मग ती ई-देवलेतवर दिसते. योककडे तक्रार करत बसू नका, नोंद घालायचं काम विद्यापीठाचं असतं आणि तुमचा कागद फिरून तिथेच येतो.

दुसरं कारण अगदी ताज्या पदवीधरांचं. परीक्षा संपली, गुण आले, निरोपसमारंभही झाला, पण मंडळाचा पदवी देण्याचा ठराव व्हायचाय. तोवर प्रणालीत तुम्ही विद्यार्थीच असता. अशा वेळी मी सांगते, ओढूनताणून पदवीचा कागद मिळवू नका. विद्यार्थी असल्याचा दाखला आणि आजवरचं गुणपत्रक चढवा, अर्जात ‘पदवी अपेक्षित’ लिहा. विभाग ‘गेचिजी’, म्हणजे तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र देतो, पण मूळ पदवी घेताना ते सहसा परत करावं लागतं. त्याची रंगीत प्रत आधीच काढून ठेवा.

नाव जुळत नाही

तुर्की लिपीत दोन ‘आय’ आहेत. एकावर टिंब असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि मोठ्या अक्षरातही हा फरक कायम राहतो. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने अरबी लिपी जाऊन ही लॅटिन लिपी आली तेव्हापासून हे असंच आहे. बिनटिंबाच्या अक्षराचा उच्चार आपल्या ‘अ’ आणि ‘उ’ यांच्या मधला कुठेतरी बसतो. आमच्या संगणकाला मात्र हे काही कळत नाही. त्याला फक्त टिंबवाला लहान आय आणि बिनटिंबाचा मोठा आय माहीत. ‘अशल’ नावाच्या मुलीचं नाव पदवीवर बिनटिंबाच्या आयने लिहिलेलं असतं, आमची प्रणाली ते लहान अक्षरात बदलताना टिंब घालते, आणि एकाच मुलीची दोन माणसं होतात. त्यात श साठीचं शेपूटवालं एस आणि टोपीवालं जी काही सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्ह होऊन बसतं.

यावर उपाय सोपा आहे. अर्जात नाव पासपोर्टच्या तळाच्या दोन मशीन-वाचनीय ओळींत आहे तसंच भरा आणि जोडपत्रावर मूळ तुर्की नाव लिहा. पदवीवरचं नाव ‘दुरुस्त’ करायला विद्यापीठात जाऊ नका. ते चुकलेलंच नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची अडचण आपल्याकडच्या मार्कशीटसारखीच, पदवीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. तुर्कस्तानात याचा चांगला तोडगा आहे. नोंदणी कार्यालयातून ‘फॉर्म्युल बे’ नावाचा बहुभाषिक विवाह उतारा मिळतो. १९७६ च्या व्हिएन्ना करारातल्या देशांत, म्हणजे जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही, तो भाषांतराशिवाय आणि अपोस्टीलशिवाय, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावतात त्या सरकारी मोहरेशिवाय चालतो. मुली विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर करून, नोतेरकडे जाऊन, वर अपोस्टील लावून आणतात. एवढा खर्च आणि हेलपाटे करायची काहीच गरज नसते.

अपोस्टील लावलं, तरी नाकारलं

इथे लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. तुर्कस्तानात हेग अपोस्टील करार १९८५ पासून लागू आहे. प्रशासकीय कागदांवर अपोस्टील वालीच्या म्हणजे प्रांताच्या राज्यपालाच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या कायमाकामच्या कार्यालयात मिळतं. ही मोहर सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा असल्याचंच सांगते. कागदातला मजकूर खरा आहे की नाही, यावर ती एक शब्दही बोलत नाही.

आता नेहमीची चूक बघा. मुलगा पदवीचं भाषांतर करतो, नोतेर त्या भाषांतराखाली सही करतो, आणि कायमाकाम नोतेरच्या सहीवर अपोस्टील लावतो. मुलगा समजतो पदवीला अपोस्टील झालं. प्रत्यक्षात ते नोतेरच्या सहीला झालं, पदवीला कुणी हातही लावलेला नाही. जिथे मूळ पदवीवर अपोस्टील मागितलेलं असतं, तिथे हा कागद परत येतो. क्रम असा ठेवा: आधी मूळ पदवीवर अपोस्टील, मग पदवी आणि अपोस्टील या दोन्हींचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. विद्यापीठ ज्या प्रांतात आहे तिथल्याच कार्यालयात जाणं सोयीचं, कारण तिथल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने त्यांच्याकडे असतात.

पण त्याआधी विद्यापीठाला विचारा, अपोस्टील हवंच आहे का? नुसत्या प्रवेश अर्जासाठी ते अनेकदा लागत नाही. भारतातल्या मुलांना जर्मनीसाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या कागदपत्र-तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र काढावं लागतं, तुर्कस्तानच्या मुलांना ते लागत नाही. तरी आपल्याकडचं ऐकून तिथल्या मुलांनी एपीएससाठी धावाधाव केल्याचंही मी पाहिलंय.

जाता जाता, तुर्की कचेरीतली भाषा आपल्या कानाला फार परकी नाही. कागदाला ते ‘क्याअत’ म्हणतात, शिक्क्याला ‘म्युह्युर’ म्हणजे आपली मोहर, आणि नोंदवहीला ‘देफ्तेर’ म्हणजे आपलं दप्तर. पहिल्यांदा एका जुन्या फाइलवर हे शब्द ओळखले तेव्हा मला सांगलीच्या तलाठी कार्यालयाची आठवण झाली.

बंद पडलेलं किंवा विभागलेलं विद्यापीठ

पदवीवरचं विद्यापीठ आज यादीत नाही म्हणून पदवी खोटी ठरत नाही. २०१६ च्या जुलैत आणीबाणीच्या हुकुमाने १५ खासगी विद्यापीठं बंद झाली आणि विद्यार्थी इतर विद्यापीठांत वर्ग झाले. २०२० मध्ये इस्तंबूल शेहिर विद्यापीठ बंद झालं, त्याचे विद्यार्थी मार्मारा विद्यापीठाकडे गेले. २०१८ च्या मे महिन्यातल्या कायद्याने मोठी विद्यापीठं विभागली गेली, इस्तंबूल विद्यापीठातून इस्तंबूल विद्यापीठ-जेर्राहपाशा वेगळं निघालं. प्रवेश एका नावावर आणि पदवी दुसऱ्या नावावर, असं दिसलं की परदेशी तपासनीस थबकतो. नोंदी आता ज्या विद्यापीठाकडे आहेत त्याच्या विद्यार्थी विभागाकडून ‘अमुक विद्यापीठाच्या नोंदी आमच्याकडे आहेत’ असं पत्र घ्या. तेवढं पुरतं.

गुणपत्रक खरं, पण आकडे जुळत नाहीत

तुर्की विद्यापीठांत चारपैकी सरासरी देतात. योकच्या रूपांतर तक्त्यात ३.०० म्हणजे ७६.६६ आणि २.०० म्हणजे ५३.३३. पण अनेक विद्यापीठांचे स्वतःचे तक्ते वेगळे असतात. विद्यार्थी अर्जात विद्यापीठाच्या तक्त्याचा आकडा भरतो, दुसऱ्या कागदावर योकचा आकडा असतो, आणि एकाच माणसाचे दोन गुण दिसू लागतात. अर्जात ३.०० पैकी ४.०० असा उलटा घोळ न घालता ‘४.०० पैकी ३.००’ एवढंच लिहा. रूपांतर आमच्यावर सोडा.

आणि चार वर्षांच्या पदवीला पाच वर्षं का लागली, हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजी माध्यमाच्या विभागांत आधी ‘हाझर्लक’ म्हणजे भाषेचं तयारी वर्ष असतं, ते सरासरीत धरत नाहीत. जोडपत्रावर एक ओळ लिहा. पदवीसोबत मिळणारं ‘डिप्लोमा एकी’ हे इंग्रजी परिशिष्टही जोडा. त्यात शिक्षणपद्धती आणि गुणपद्धती दिलेली असते, आणि ते घरी कपाटात ठेवून मुलं केवळ पदवी पाठवतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

बारावीनंतर थेट जर्मनीला येणाऱ्यांसाठी

‘लिसे’चं, म्हणजे तिथल्या बारावीपर्यंतच्या शाळेचं प्रमाणपत्र एकटं पुरत नाही. तुर्कस्तानात विद्यापीठ प्रवेशाची केंद्रीय परीक्षा ‘ओसिम’ ही सरकारी संस्था घेते, २०१८ पासून तिचं नाव येकेसे आहे. जर्मनीला या परीक्षेतून तुर्की विद्यापीठात जागा मिळाल्याचा पुरावा हवा असतो. मुलं गुणांचा कागद पाठवतात, जागावाटपाचा नाही. दोन्ही ओसिमच्या संकेतस्थळावर मिळतात आणि दोन्हींवर तपासणीचा कोड असतो, म्हणून गफलत होते. जागा मिळाल्याचाच कागद पाठवा.

विद्यापीठाकडून थेट मागितलं तर

‘बारकोड दिलाय, तरी बंद पाकीट का मागता?’ हा राग मला समजतो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात बनावट ई-सह्यांचं मोठं प्रकरण उजेडात आलं. अधिकाऱ्यांच्या नावाने ई-सह्या मिळवून सरकारी प्रणालीतच खोट्या पदव्या घुसवल्याचा आरोप सरकारी वकिलांनी ठेवला. बारकोड प्रणालीत काय आहे ते दाखवतो, ते तिथे कसं आलं ते सांगत नाही. म्हणून काही ठिकाणी दुसरा पुरावा मागतात. विद्यार्थी विभागाला सांगा की पाकिटाच्या झाकणावर शिक्का आडवा मारा, आणि ते पाकीट तुम्ही स्वतः उघडू नका. मेलने पाठवायचं असेल तर विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरूनच यायला हवं, कारकुनाच्या खासगी मेलवरून आलेलं मी स्वीकारू शकत नाही.

पदवीच हरवली असेल तर दुसरी प्रत मिळते, पण तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यासाठी बहुधा आधी वर्तमानपत्रात ‘माझी पदवी हरवली आहे, ती रद्द समजावी’ अशी छोटी जाहिरात द्यावी लागते. ते कात्रण जपून ठेवा. दुसऱ्या प्रतीवरची तारीख वेगळी का, हे ते कात्रण सांगतं.

तुर्कस्तानात शिकलेल्या आपल्या मुलांसाठी

परदेशी विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक ९९ ने सुरू होतो. तुमची पहिली नोंदणी पासपोर्ट क्रमांकावर झाली असेल आणि ९९ चा क्रमांक नंतर मिळाला असेल, तर योकसिसमध्ये दोन्ही जोडले गेलेत का ते विद्यार्थी विभागात जाऊन पाहा. जोडले नसतील तर तुमच्या नावावर पदवी दिसणार नाही. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर जुन्या पासपोर्टची प्रतही फाइलमध्ये असू द्या. बारावीच्या कागदांचं तिथे घेतलेलं ‘देंकलिक’ म्हणजे समकक्षता प्रमाणपत्रही टाकून देऊ नका, पुढचा देश ते मागू शकतो.

आणि हे तुर्कस्तान सोडायच्या आधीच करा. ई-देवलेतचा पासवर्ड विसरला तर तो नोंदवलेल्या मोबाइलवरून परत मिळवता येतो. मुलं सिम बंद करून विमानात बसतात आणि सहा महिन्यांनी पुण्याहून मला लिहितात की आत जाता येत नाही. निघायच्या आठवड्यात पदवीचा दाखला, गुणपत्रक आणि विद्यार्थी दाखला उतरवून घ्या, प्रत्येकाचा कोड मित्राच्या फोनवरून एकदा तपासून बघा, आणि तुर्की सिम चालू ठेवायचं की नाही हे त्यानंतर ठरवा.